वाढपी, आचारी आणि रजिस्टर : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी 'सार्वजनिक आरोग्य : काम आणि वाटा' हा लेख लिहिला. या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना इथे नेमके काय काम असते हे सांगावे, एवढाच त्याचा हेतू होता. त्यावर 'एक बाप' या टोपणनावाने दीर्घ प्रतिक्रिया आली आहे. तिचा आशय असा : या क्षेत्रातील नोकऱ्या अकरा-अकरा महिन्यांच्या कराराच्या असतात, प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांची मुलगी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) होऊन सध्या तिसऱ्या करारावर आहे, खासगी संस्थांची फी आणि नंतर मिळणारे मानधन यांचा मेळ बसत नाही, सरकारी आरोग्य उपकेंद्राचा लोकसंख्येचा निकष मी अर्धवट दिला. आणि शेवटी हे वाक्य : "रुग्णाला हातही न लावता रजिस्टरे रंगवणाऱ्यांनी स्वतःला आरोग्यसेवक म्हणवणे म्हणजे वाढप्याने आचारी म्हणून मिरवणे आहे, आणि पेन्शन खात बसलेल्यांनी पोरांना त्या पंगतीला बसवू नये."

महोदय, सर्वप्रथम चूक मान्य करतो. पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे मी लिहिले होते. आदिवासी आणि डोंगरी भागांत हा निकष ३,००० चा आहे, हे लिहायचे राहून गेले. लेखात दुरुस्ती केली आहे. सरकारी आरोग्य खात्याच्या नोकरीत एकतीस वर्षे हे आकडे ज्याच्या जिभेवर होते, त्याच्याकडून ही त्रुटी राहायला नको होती. प्राथमिक आरोग्य केंद्राचे ३०,००० आणि (आदिवासी, डोंगरी भागांत) २०,००० हे दोन्ही निकष मात्र मी बरोबर दिले होते. त्याची दखल आपण घेतलेली नाही, असो.

आता भाषेविषयी. 'पेन्शन खात बसलेले' हा शब्दप्रयोग आपण कोणाविषयी करतो आहोत, याचा विचार लिहिण्यापूर्वी झाला असता तर बरे झाले असते. निवृत्तिवेतन हे कोणी दयेपोटी वाढलेले पान नव्हे. पावसाळ्यात पूर आलेल्या ओढ्यापलीकडच्या वस्तीवर लशीची पेटी डोक्यावर धरून पोहोचणे ज्या नोकरीत गृहीत धरलेले होते, त्या नोकरीच्या शेवटी मिळणारी ती रक्कम आहे. आपला राग शासनावर असेल, तर तो माझ्या नावे का काढावा, हे मला समजलेले नाही. टोपणनावाच्या आडून अशी वाक्ये लिहिणे सोपे असते. मी माझ्या नावाने लिहितो.

परंतु मला खरोखर उत्तर द्यायचे आहे ते आपल्या उपमेला. आमच्या घरी लग्नकार्यात पंगतीत वाढायला उभे राहणे हा मान समजला जाई. आचारी चुलीपाशी असतो. त्याला फक्त पातेले दिसते. कोणाच्या पानातली भाजी तशीच पडून आहे, कोणते पोर उपाशी उठते आहे, कोणत्या ओळीपर्यंत भात पोहोचलाच नाही, हे वाढप्याला दिसते, कारण अख्खी पंगत त्याच्या नजरेखाली असते. आपण वाढप्याला हलके ठरवण्यासाठी ही उपमा वापरलीत, आणि नकळत आमच्या कामाचे बऱ्यापैकी अचूक वर्णन केलेत. त्याच लग्नात दोनशे माणसांना उलट्या सुरू झाल्या, तर कोणी काय खाल्ले आणि काय खाल्ले नाही, याची यादी करूनच दोषी पदार्थ सापडतो. ज्याने बासुंदी खाल्ली नाही आणि जो आजारी पडला नाही, तोही त्या यादीत लागतो. दवाखान्यातील डॉक्टरांकडे तो कधीच येत नाही.

'रुग्णाला हात न लावता' हे शब्द आपण तुच्छतेने लिहिले आहेत. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकी (कॉलरा) पसरली, तेव्हा जॉन स्नो यांनी काय केले, ते पाहा. ते रुग्णांना हात लावणारे नामांकित डॉक्टर होते. भूल देण्यात त्यांचा हातखंडा असा की, त्याच्या आदल्या वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्यांनीच क्लोरोफॉर्म दिले होते. तरीही आज त्यांचे नाव घेतले जाते ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपामुळे. त्यांनी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून त्या आठवड्यातील मृत्यूंची यादी मिळवली, आणि त्यांतील ८३ मृत्यूंबाबत घरोघर जाऊन पाणी कोठून भरत होता, एवढेच विचारले. बहुतेकांचे बोट त्या एका पंपाकडे गेले. ती यादी म्हणजे रजिस्टरच होते. कोणा कारकुनाने ते रंगवले होते, म्हणून पंपाचा दांडा निघाला.

हे वाक्य मला इतके का लागले, असे आपण विचाराल. माझ्याबरोबर एमबीबीएस झालेल्या एका मित्राने जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःचे रुग्णालय काढले. त्याच्या वास्तुशांतीला मी गेलो असता चारचौघांत त्याने विचारले, "काय रे, तू डॉक्टर आहेस की ग्रामसेवक?" सगळे हसले. मीही हसलो. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते. ते २००९ च्या जुलैमध्ये मिळाले.

मराठवाड्यातील एका तालुक्यात मी तालुका आरोग्य अधिकारी होतो. एका मंगळवारी उपकेंद्राच्या सिस्टरचा दूरध्वनी आला. त्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातल्या कंत्राटी एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) होत्या आणि फार हुशार होत्या. त्यांच्या नोंदवहीत जुलाबाचे आठवड्याला दोन-तीन रुग्ण असायचे. त्या एका सकाळी अकरा नावे आली होती. त्यांनी नावांसमोर आळी लिहिण्याची सवय ठेवली होती, जी छापील रकान्यात नव्हती. अकरापैकी नऊ जण एकाच आळीचे होते. दुपारी आम्ही गावात होतो. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी शाळेच्या वर्गात बाकांवर रुग्ण झोपवून सलाइन लावत होते, आणि ते त्यांनी उत्तम केले. आम्ही मात्र घरोघर फिरत होतो. हिवतापाच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर मी गल्ल्या काढल्या. आजारी घराला फुली, निरोगी घराला गोल. संध्याकाळपर्यंत चित्र उघड झाले. हातपंपावर पाणी भरणाऱ्या घरांवर गोल होते, आणि नळाच्या पाण्याच्या घरांवर, विशेषतः मारुतीच्या पारापासून खालच्या अंगाला, फुल्या होत्या.

पारामागे व्हॉल्व्हची कुंडी होती. तिच्यावरची फरशी बाजूला केली, तर आत गटाराचे पाणी गुडघाभर. गावाला एक दिवसाआड पाणी सुटायचे. पाणी सुटलेले असताना नळीत दाब असतो, तेव्हा गळतीतून पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की तीच नळी बाहेरची घाण आत ओढून घेते आणि पुढच्या पाळीला ती घागरींत उतरते. हे सारे घडूनही पाण्यात क्लोरीन असते तर बरेचसे निभावले असते. मी एका घरच्या नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीचे थेंब टाकले. पिवळा रंग यायला हवा होता. पाणी जसेच्या तसे राहिले. दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी तेच. तिथल्या आजीबाई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "स्वच्छच हाय की पानी." ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएलचे, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या ब्लीचिंग पावडरचे, पोते होते. कागदोपत्री ते रोज वापरले जात होते. तोंड उघडे, कोपऱ्यात ओल, आत पांढरी ढेकळे; हुंगून पाहिले तर क्लोरीनचा वाससुद्धा नाही. भिंतीवर खिळ्याला मागच्या तपासणीचे, पाणी सुरक्षित असल्याचे सांगणारे हिरवे कार्ड लटकत होते.

नळी बदलली, टाकी धुऊन घेतली, नवे टीसीएल आले, घरोघर क्लोरीनचे द्रावण वाटले. एकूण सत्तावन्न रुग्ण झाले, मृत्यू एकही नाही. जो आजारी पडलाच नाही, त्या अठ्ठावन्नाव्या माणसाला हात कोणी लावला, ते आपणच सांगावे. वर्तमानपत्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांचा फोटो आला. सिस्टरांचे नाव आले नाही, माझेही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही.

हा जुना किस्सा म्हणून आपण बाजूला साराल, तर जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या गिलन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण एकाएकी वाढले, ते आठवा. रुग्णालयांनी अतिदक्षता विभागात जीव वाचवले, यात शंका नाही. परंतु रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडल्याशिवाय विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याकडे बोट गेले असते का?

'रजिस्टरे रंगवणे' या शब्दांपुरते आणखी एक. सरकारी भाषेत 'निरंक' हा शब्द आहे, आणि आपल्यासारख्यांना तो हास्यास्पद वाटतो. पोलिओवर नजर ठेवण्यासाठी, पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की त्याची नोंद व्हायची, चौदा दिवसांच्या आत चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेला पाठवायचे. तसा एकही रुग्ण नसेल, तरी दर आठवड्याला 'निरंक' असा अहवाल द्यायचा. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. मधली तीन वर्षे पोलिओ नाही, हे जगाला कशावरून पटले? देशभरातून दर आठवड्याला आलेल्या त्या निरंकांवरून. आमच्या केंद्रात निरंक लिहिणारे आरोग्य सहायक आता हयात नाहीत. त्यांचे अक्षर फार सुरेख होते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे मांडले, त्यालाही हेच लागू आहे. गावातल्या अल्पशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तिथे बाळाला हात लावला जात होता, हे मान्य. पण प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून ठेवला नसता, तर ६२ हा आकडा आला कोठून असता, आणि आज देशभरातील आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, ते धोरण कशाच्या आधारावर झाले असते?

राहिले आपले उरलेले मुद्दे. कराराच्या नोकऱ्यांचा प्रश्न धोरणाचा आहे. त्याचा निर्णय माझ्या लेखाने होणार नाही, आणि तो लेखाचा विषयही नव्हता. फीविषयी म्हणाल, तर मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था यांची नावे मी दिलीच होती; सर्वांनी महागड्या खासगी संस्थेतच जावे, असे मी कोठेही म्हटलेले नाही. आपल्या कन्येच्या अनुभवाबद्दल मला सहानुभूती आहे, परंतु एका व्यक्तीच्या अनुभवावरून संपूर्ण क्षेत्राविषयी निष्कर्ष काढणे शास्त्रीय नव्हे, हे या विषयातील पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तिला विचारून पाहावे.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. ती सिस्टर, जिचा उल्लेख वर आला, पुढे त्या उपकेंद्रात फार काळ राहिली नाही. तिचा करार पुढे वाढला नाही, असे नंतर कानावर आले. मी तोपर्यंत बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलो होतो. आपल्या कन्येस माझ्या शुभेच्छा कळवाव्यात. पावसाळा तोंडावर आहे. ती फिरतीच्या कामावर असेल, तर ओटी चाचणीची बाटली पिशवीत आहे का आणि तिची मुदत संपलेली नाही ना, एवढे तिने आजच पाहून घ्यावे.