गोड बोलून सिमेंट विकलं जात नाही
लेखात म्हटलंय की बिल्डिंग मटेरियलच्या सेल्समध्ये बोलणं गोड असलं की माणूस टिकतो, हे अजिबात पटलं नाही. मी सिमेंटच्या लाइनमध्ये सांगली-कोल्हापूर भागात फिरतो, खरा कस लागतो तो स्लॅबला तडे गेले आणि मिस्त्री म्हणाला तुमचं सिमेंटच खराब, तेव्हा. साइटवर जाऊन बघावं तर पीपीसी (फ्लाय अ‍ॅश वगैरे मिसळलेलं सिमेंट) वापरलेलं आणि पाणी मारणं चौथ्या दिवशीच बंद, त्याला किमान १० दिवस क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, लागतं हे मालकासमोर मिस्त्रीचा मान राखून सांगायचं, नाहीतर पुढच्या कामाला तो दुसरा ब्रँड सुचवणार.

आणि वसुलीबद्दल एक ओळ नाही! पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, डीलरकडे उधारी अडकते, टार्गेट मात्र तेच. नवीन पोरांना हे आधी सांगायला हवं होतं.