‘भाड्याच्या खोलीला रंग’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कोडिंगचं एक अक्षर येत नसताना आमच्या देवगडच्या आंब्यांची वेबसाइट मी स्वतः कशी बनवली. त्यावर एक भलीमोठी प्रतिक्रिया आलीये. फोटो जड आहेत, बॅकअपबद्दल काही लिहिलं नाही, उद्या होस्टिंग, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते ती जागा, बदलायचं झालं तर काय करणार, असं बरंच आहे त्यात. आणि शेवटी हे: "कोडिंग येत नसेल तर वेबसाइट बनवली म्हणू नका, भाड्याच्या खोलीला रंग दिला म्हणा, आणि लोकांना चुकीच्या मार्गाला लावू नका."

खाली नाव नाही, त्यामुळे दादा म्हणू की ताई तेही कळत नाही.

फोटोंचं तुमचं बरोबर आहे. मोबाइलवर काढलेले फोटो मी तसेच चढवले होते, एकेक पाच-सहा एमबीचा. आमच्या वाडीत रेंज नाही, सड्यावर जावं लागतं, तिथे उभं राहून माझंच पान उघडलं तर पहिला आंबा दिसेपर्यंत माझाच जीव कासावीस झाला. काल रात्री बसून सगळे लहान केले. चूक होती, मान्य.

पण ते रंगाचं वाक्य मला लागलं. कोणी काही नवीन करून दाखवलं की आधी त्याची लायकी काढायची, ही कुठली पद्धत? आमचं घर आजोबांनी बांधलं असं अख्खी वाडी म्हणते. चिरे खाणीवरून आले, गवंडी दुसऱ्या गावचा होता, वासे सुताराने चढवले. आजोबांनी पडवी कुठे, देवघर कुठल्या बाजूला, पागोळ्यांचं पाणी कुठून जाणार हे ठरवलं आणि पैसे उभे केले. म्हणून काय घर गवंड्याचं झालं?

माझी वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, म्हणजे कोड न लिहिता वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर. ते मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये सुरू केलं, कोणीही फुकट वापरावं असंच ठेवलंय. ते माझे चिरे. पण पेटी मागवणारं गिऱ्हाईक काय विचारतं हे त्यांना कुठून माहीत असणार, ते मला माहीत. हापूस काढल्यावर आढीत पिकायला आठ-दहा दिवस जातात. म्हणून फॉर्ममध्ये मी प्रश्न टाकला, ‘आंबा कधी खायचाय?’ लगेच, चार-पाच दिवसांनी, की आठवड्याने. पुण्यात कोणाकडे रविवारी पाहुणे असतील तर कुठल्या आढीतली पेटी भरायची ते त्यावरून ठरतं. आधी हा प्रश्न सगळ्यात खाली, फोन नंबरच्याही खाली होता, निम्मे लोक रिकामा सोडायचे, आणि मग आम्ही एकेकाला फोन करत बसायचो. उचलून वर पेट्यांच्या संख्येखाली आणला, तेव्हापासून सगळे भरतात. हे डिझाइन नाही तर काय आहे?

आणि कोड न लिहिता पान बनवणं ही काही आजकालची थेरं नाहीत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जगातला पहिला ब्राउझर लिहिला, त्यातच पान लिहायची आणि सुधारायची सोय होती, टॅग, म्हणजे कोडातल्या खुणा, हाताने टाइप न करता. ज्यांनी वेब बनवलं त्यांना ते चाललं, तुम्हाला चालत नाही.

"चुकीच्या मार्गाला लावू नका" म्हणताय, तर बरोबर मार्गाने मी आधी जाऊन आलेय. २०१९ ला एका डेव्हलपरला पंधरा हजार दिले. कोडिंग त्याला उत्तम येत होतं. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याने स्वतःच्या नावावर घेतलं आणि मला ते माहीतच नव्हतं. वर्ष संपलं, रिन्यू झालं नाही, हा फोन उचलेना, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऐन आंब्याच्या दिवसांत, जेव्हा लोक घरपोच पेटी शोधत होते, तेव्हा आमचं पानच उघडत नव्हतं. आता डोमेन माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर आहे. मग भाड्याची खोली कुठली, ती की ही? सांगा ना.

बॅकअप, होस्टिंग वगैरे ठीक आहे. वर्डप्रेसमधून मजकूर एक्स्पोर्ट होतो, वेळ आली की बघू. लेख पहिल्या वेबसाइटचा होता, सगळं त्यातच कोंबायचं का?

बाबांची हयात वाशीला पेट्या पाठवण्यात गेली. दलालाची पट्टी हातात येईपर्यंत आपल्याच आंब्याला काय भाव लागला ते कळायचं नाही, आणि कळल्यावर बोलायची सोय नसायची. यंदा भाव मी माझ्या पानावर लिहिला. बाबांनी तो बोटांनी मोठा करून दोनदा वाचला आणि विचारलं, "हा आपणच ठरवलेला ना?" तुमच्या लेखी हा रंग असेल, तर असू दे.

परत लिहिणार असाल तर नाव घालून लिहा. आणि फोटो आता तुमच्याकडे पटकन उघडतात का, तेवढं कळवा.