धुऱ्यावरचा तितर

टांझानियाच्या उडझुंग्वा डोंगरातल्या रानतितरावरचा लेख मनापासून आवडला. १९९१ मध्ये जंगलातल्या मुक्कामी शिजायला ठेवलेल्या भांड्यात संशोधकांना एका पक्ष्याचे अनोळखी पाय दिसतात काय आणि १९९४ मध्ये त्या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळतं काय! त्याचे जवळचे भाऊबंद आपल्या आशियातले डोंगरी तितर आहेत, हे तर थक्क करणारं.

पण रांधणाऱ्याला तो आधीच ठाऊक असणार ना? आमच्या यवतमाळकडे तितर कुठून चालतो, कुठे चरतो, हे फासेपारधी म्हाताऱ्यांइतकं कोणालाच कळत नाही. ते सगळं लिहून ठेवायला हवं, आत्ताच.

आमचा राखी तितर दुर्मिळ नाही. रात्री बाभळीवर झोपतो, अंडी मात्र जमिनीवरच घालतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोरीच्या बुडाशी, नुसत्या उकरलेल्या खळग्यात, फिकट बदामी अंडी होती. मी हातभर अंतरावर येईस्तोवर मादी हललीच नाही. पेरणीआधी धुरे पेटवतात तेव्हा अशी घरटी तिथंच संपतात. वीण एप्रिलपासून जोरात असते. शेतकरी भावांनो, धुरा साफ करायचाच तर मार्चातच कापून घ्या, पेटवू नका, आणि बोरीबाभळीची बुडं तेवढी राहू द्या.