पुढे पान १९७ वर

काल वाचनालयात ५० रुपये दंड भरून आलो. पान मी फाडलेलं नव्हतं. ज्यांनी फाडलं ते रांगेत माझ्या मागेच उभे होते, आणि कुणी विचारलं नसताना त्यांनी तिथल्या तिथे कबूलही केलं. तरी दंड मलाच.

शिवाय ५०, २५ नव्हे. फाटलेलं पान एकच, पण नियमावलीत 'पृष्ठामागे २५ रुपये' असं लिहिलंय. पानाला दोन बाजू असतात आणि दोन्हींवर छापलेलं असतं. "मागची बाजू कोरी असती तर पंचवीसच घेतले असते," मॅडम म्हणाल्या. त्या बाजूला काय छापलं होतं हे ऐकल्यावर तर ती कोरी असती तरच बरं झालं असतं, असं वाटलं.

दिवाळी अंकातल्या विनोदी कथा वाचणाऱ्यांचं एक गुप्त वेळापत्रक असतं. सगळे अंक विकत घेणं परवडत नाही. एक अंक ३००-४०० रुपयांच्या घरात गेलाय. म्हणून वाचनालयाची दिवाळी अंक योजना घ्यायची, एका वेळी एक अंक, आणि घरी आणला की अनुक्रमणिका काढायची. ती पहिल्या पानावर नसते. आधी सहकारी बँक, मग मसाले, मग समुद्र नसलेल्या गावातले 'सी व्ह्यू' फ्लॅट आणि मग अनुक्रमणिका. तिच्यात 'विनोदी' हा मथळा शोधायचा, कविता आणि राशिभविष्य यांच्या मध्ये कुठेतरी. संपादकाला कुठे ठेवावं ते कळलं नाही असं सगळं तिथे असतं.

गोष्ट सापडली की चित्र हाताने झाकायचं. हे महत्त्वाचं आहे. चित्रकाराला गोष्ट देऊन 'एक चित्र काढा' म्हटलं की तो बिचारा सगळ्यात गमतीचा प्रसंग निवडतो, आणि ते चित्र छापतात पहिल्या पानावर, शीर्षकाच्या डोक्यावर. सासरे टेबलाखाली कसे पोचले हे लेखक सहाव्या पानावर सांगणार असतो. चित्रात ते आधीच टेबलाखाली. चौकटीत मोठ्या अक्षरांत छापलेली दोन वाक्यंही वाचायची नाहीत. ती निवडणाऱ्याने गोष्टीतला सर्वात चांगला विनोद हेरलेला असतो, आणि तुम्हाला तो आधी सांगायची त्याला घाई झालेली असते.

तर माझ्या अंकातली गोष्ट. नव्या जावयाचा दिवाळसण. त्याला द्यायची अंगठी सासूबाईंनी 'बघू तरी' म्हणून स्वतःच्या बोटात घातली आणि तशीच चकलीची भाजणी मळली. अंगठी गेली हे लक्षात येईस्तोवर चकल्या तळून झालेल्या आणि फराळाची ताटं चौदा घरी पोचलेली. मग सासरे एकेका घरी 'सहज' जातात आणि आपणच पाठवलेल्या चकल्या आग्रह करवून घेऊन खाऊन येतात. अकराव्या घरी त्यांची दाढ हलते. बाराव्या घरी त्यांना मधुमेहाचं निदान झालंय अशी अफवा त्यांच्या आधीच पोचलेली असते, त्यामुळे कुणी ताट पुढे करत नाही. चौदाव्या घरून हात हलवत परत येतात, तर दारात जावई. तो शांतपणे म्हणतो,

(पुढे पान १९७ वर)

गेलो. १९६ नंतर १९९ होतं.

गोष्ट मुळात तिकडे का पाठवली, याचं कारण जाणत्यांना ठाऊक आहे. अंक सोळा सोळा पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकदम छापलेल्या गठ्ठ्यांनी, तयार होतात. जाहिरातींच्या जागा आधीच विकलेल्या, त्या हलत नाहीत. हलतो तो मजकूर. अर्धा रकाना उरला की तो उचलून मागे टाकायचा, जिथे भविष्य आणि अगरबत्तीच्या जाहिराती असतात. कादंबरीचा अर्धा रकाना असा हलवला तर कादंबरीकाराचा फोन येतो. विनोदी लेखकाचा येत नाही. त्याला वाटतं, आपली गोष्ट छापली हाच विनोद.

गंभीर कथेचं शेवटचं पान गेलं तर कुणाला पत्ता लागत नाही. 'तो खिडकीबाहेर पाहत राहिला' इथे ती थांबली की वाचक म्हणतो, वा, काय मोकळा शेवट ठेवलाय. उलट पान नसल्यामुळे कथा वरच्या दर्जाची ठरते. विनोदी कथेचं तसं नाही. तिची सगळी पानं शेवटच्या चार ओळींची उधारी असतात. त्या ओळी गेल्या की उरतो तो फक्त चकल्या खाणारा एक वयस्कर माणूस.

हे सगळं मी काउंटरवर सांगत होतो, निदान सांगायला सुरुवात केली होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "ते पान माझ्याकडे आहे."

रांगेत सापडलेली छत्री जपून ठेवल्यासारख्या सुरात. मागे वळलो. साधारण सत्तरीचे काका, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत आणखी एक दिवाळी अंक. माझं पहिलं लक्ष त्या अंकाच्या जाडीकडे गेलं.

"तुम्ही फाडलंत?"

"फाडलं नाही हो. स्टीलची पट्टी ठेवून ब्लेडनं कापलं. फाडणारे वेगळे. त्यांच्यामुळे अंक खराब होतात."

हे खरं होतं, कापणी अप्रतिम होती. म्हणूनच अंक घेताना मला दिसलं नाही. पिना मारलेला अंक असता तर काका पकडले गेले असते, कारण तिथे प्रत्येक पानाला एक जोडपान असतं आणि एक कापलं की दुसरं लोंबायला लागतं. २४० पानी अंकात १९७ चं जोडपान ४४. ते सुटून कुणाच्या तरी पायाशी पडलं असतं. पण हल्ली जाडजूड अंकांच्या पाठीला गम असतो. त्यात एक पान गेलं तर बाकीची खुशाल उभी राहतात.

"पण का?"

"मागच्या बाजूला वृश्चिक आहे ना. आमच्या हिची रास."

"मग मोबाइलवर फोटो काढायचा."

"फोटो कपाटाला चिकटवता येतो का?"

"चिकटवलंय?"

"दाराला, आतून. रोज पातळ काढताना नजरेसमोर राहतं."

मी आवंढा गिळला. "कुठली बाजू वर?"

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की प्रश्न विचारल्याची मलाच लाज वाटली. "भविष्यच वर असणार. फेव्हिकॉल लावलाय. आता ते हलत नाही."

म्हणजे जावई काय म्हणाला ते या क्षणी सनमायका आणि वृश्चिक राशीच्या मध्ये कायमचं दाबलेलं आहे.

"अहो, पण त्या बाजूला एका गोष्टीचा शेवट होता."

"शनी एका राशीत अडीच वर्षं असतो," काका म्हणाले. "तुमची गोष्ट किती वेळाची?"

याला उत्तर नाही. मी मॅडमकडे वळलो. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "त्यांच्या कार्डावर अंक मंगळवारी जमा झालाय. आता तुमच्या कार्डावर आहे."

"पण ते स्वतः सांगताहेत!"

"जमा झालाय ना पण."

राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. वाचकांना वर्ग देण्याची तरतूद कुणाला सुचली नाही. ब्लेडवाले एका वर्गात, समासात पेन्सिलीनं 'फालतू' लिहिणारे दुसऱ्या, आणि खिडकीचित्रांची (झडप उघडली की आत दुसरं चित्र दिसतं, ती) खिडकी उघडताना ती मुळापासून उपटणारे तिसऱ्या. ओळखपत्र गळ्यात घालून आत सोडायचं.

"एवढं काय मनाला लावून घेता," काका म्हणाले. "शेवट मी सांगतो की. वाचलाय मी कापायच्या आधी."

इथे नाही म्हणायला हवं होतं. विनोद सांगणं हे हाडवैद्यासारखं काम आहे, चुकीच्या जागी हात लावला की आयुष्यभर लंगडायचं. पण दोन दिवस ती अंगठी माझ्या डोक्यात फिरत होती. मी म्हणालो, सांगा.

"तो जावई असतो ना, त्याला माहीतच असतं."

"काय?"

"तेच. म्हणजे कुत्र्यानं खाल्लेली असते ना."

"यात कुत्रा नाही."

"नाही? काळा कुत्रा, सासऱ्यांचा?"

"नाही हो."

"मग ती दुसऱ्या अंकातली." काकांनी पिशवीतल्या अंकाकडे संशयानं पाहिलं. "तुमची कुठली? चकल्यांची. हां. हसलो होतो मी ती वाचून. ही आतून विचारत होती, काय झालं म्हणून."

"कशावर हसलात?"

"शेवटावर."

"शेवट काय होता?"

"तेच आठवतोय."

मराठीची एक मोठी सोय आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे काय झालं हे शेवटच्या शब्दापर्यंत आपोआप लपून राहतं. 'आजोबांनी सगळ्यांसमोर, मोठ्या रुबाबात, पेढा समजून साबण खाल्ला.' लेखकाला वेगळी युक्ती लागत नाही, व्याकरणच ताणून धरतं. आणि सांगणारा मात्र हमखास म्हणतो, "खाल्ला ना त्यांनी साबण! म्हणजे पेढा वाटला त्यांना." शब्द तेच, विनोदाचं मात्र प्रेत झालेलं. यावर उपाय एकच आहे: गोष्ट सांगायची नाही, वाचून दाखवायची, आणि तीही आधी एकदा मनात वाचून झाल्यावरच, नाहीतर विनोद यायच्या ओळीवर वाचणाराच आधी हसतो आणि ऐकणाऱ्यांना ती ओळ फक्त खोकल्यासारखी ऐकू येते.

काका तेवढ्यात भलतीकडे गेले होते. "पण एक सांगा, अंगठी सोऱ्यातून बाहेर येईलच कशी?"

"म्हणजे?"

"चकलीच्या चकतीचं भोक केवढं असतं? बोट जात नाही त्यातून. अंगठी बोटाभोवती बसते. म्हणजे भोकापेक्षा मोठीच की. ती जाऊन चकतीवर आडवी बसणार. चकली येणारच नाही खाली, दांडा दाबून दाबून हात मोडेल."

रांगेतल्या एक बाई पुढे सरसावल्या. "चकती बदलली असेल मधेच. शेवेची लावली असेल."

"शेवेचं भोक त्याहून बारीक, ताई."

"गाठीची मग."

"गाठीची असली तरी नाही जायची. आणि मळताना लागत नाही का हाताला? भाजणीत कण राहिला तरी कळतो."

"कडबोळी असतील," काउंटरवरून मॅडम म्हणाल्या. वीस मिनिटांत पहिल्यांदाच त्यांनी कॉम्प्युटरवरून नजर काढली. "हातानं वळतात ती. त्यात जाईल."

सगळ्यांनी मान हलवली. लेखकानं कडबोळी करायला हवी होती, असं ठरलं. मला हे पटलं, याचाच जास्त राग आला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदी लेखांचं पुस्तक आधी अठरा लेखांचं होतं तेव्हा त्याचं नाव 'अठरा धान्यांचे कडबोळे' होतं; पुढे लेख बत्तीस झाले आणि त्याचे 'सुदाम्याचे पोहे' झाले. मराठी विनोदाच्या आद्यपुरुषानं सोऱ्याच्या वाटेला न जाता हातानं वळायचा पदार्थ निवडला, आणि शंभर वर्षांनंतरच्या लेखकाला ते सुचू नये? अर्थात कोल्हटकर संथ आहेत. त्यांच्या लेखांतली सुदामा आणि बंडूनाना ही पात्रं एकदम वाचायला बसलात तर दमाल. दिवसाला एक लेख, जेवणानंतर, एवढाच बेत ठेवावा. विनोदी कथांचंही तेच. एका बैठकीत दोनच. तिसरीला लेखक कितीही चांगला असला तरी आपण गालाचे स्नायू मोजायला लागतो. दोनच्या मध्ये एखादा शेतीवरचा परिसंवाद वाचावा, त्यासाठीच तो छापलेला असतो.

"हां, आठवलं!" काका ओरडले. वाचन कक्षातून दोघांनी 'शूऽ' केलं. "सोऱ्यातच असते अंगठी. जावई म्हणतो, सोऱ्या बघितलात का?"

क्षणभर सगळे गप्प. मग माझ्या मनात आलं ते मी विचारलं. "हे गोष्टीत होतं, की आत्ता आपण बोललो त्यावरून तुम्हाला सुचलं?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. तो चेहऱ्यावर दिसत होता. "काय माहीत," ते म्हणाले. "पण असंच असायला पाहिजे."

का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. शंभरावर वर्षं झाली. एवढ्या काळात राशिभविष्य आणि विनोदी कथा एकाच पानाच्या दोन बाजूंना छापू नयेत, इतकं साधं कुणाला सुचू नये याचं आश्चर्य वाटतं. भविष्याच्या मागे संपादकीय छापावं. ते कपाटाला चिकटलं तर कुणाचीच तक्रार नसेल. आणि तोवर अंक घेताना काउंटरवरच अंगठ्यानं उजवीकडची पानं फरकन सोडावीत. उजवीकडे फक्त विषम आकडे यायला हवेत, दोन-दोनच्या अंतरानं; कुठे चाराची उडी दिसली की तिथे कुणाची तरी रास होती असं समजावं. मग ज्या गोष्टीसाठी अंक नेतोय तिचं 'पुढे पान अमुक वर' आहे का ते पाहावं आणि ते अमुक पान हातानं धरून खात्री करावी. रांगेतले लोक चुळबुळतात. चुळबुळू द्यावं.

मी ५० रुपये दिले. पावतीवर 'पृष्ठे २, गहाळ' असं लिहून मिळालं. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तुमची रास कुठली, असं विचारलं. मी सांगितली नाही. त्यांच्या पिशवीतला अंक तेव्हाच जमा होत होता, आणि मॅडम तो न उघडता कपाटात ठेवत होत्या.

माझा अंक मात्र कपाटापर्यंत गेलाच नाही. पुढच्या मुलीनं तोच मागितला. तिनं अनुक्रमणिका काढली, बोट 'विनोदी'वर थांबवलं, ६१ वं पान उघडलं आणि उभ्या उभ्याच पहिल्या परिच्छेदाला हसली. चित्र झाकलं नव्हतं तिनं.

सांगावंसं वाटलं. पण माझ्या कार्डावर आता काहीच नव्हतं. मी चपला घातल्या आणि जिना उतरलो.