जावईबापू, तुमची रांग तिकडे

क्रेडिट कार्डाचं बिल काल आलं. लास वेगसच्या दोन जेवणांचे आकडे त्यात ठळक दिसतायत. एक बुफे, एक स्टेकहाउस. बघून भूक मेली.

वेगसला जायचं ठरल्यावर हिच्या काकांचा फोन आला. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, निवृत्तीनंतर हेंडरसनला मुलाकडे राहतात. हेंडरसन वेगसला अगदी चिकटून आहे, त्यामुळे काकांचा मुक्काम कॅसिनोत असतो आणि झोपायला ते मुलाकडे जातात. "जेवणाचं माझ्यावर सोडा," ते म्हणाले. "वेगसला पैसे देऊन जेवतो तो मूर्ख."

आता मी वेगसच्या बुफेंचा थोडाफार अभ्यास करून ठेवला होता. सीझर्स पॅलेसचा बॅकनाल, विनचा बुफे, कॉस्मोपॉलिटनचा विकेड स्पून, कुठे खेकडा चांगला, कुठे गोड चांगलं, सगळं लिहून काढलं होतं. काकांनी तो कागद बघितला आणि घडी घालून माझ्याच खिशात ठेवला. "यातलं काही नको. माझं ठरलेलं हॉटेल आहे." त्या हॉटेलचं नाव मी इथे घेत नाही. घेतलं तर काकांना त्याचेही पॉइंट्स मिळतील.

बुफेच्या दाराशी दोन रांगा होत्या. एक लांबलचक, जिच्यात लहान मुलं जमिनीवर बसली होती. दुसरीत कोणीच नव्हतं, नुसता लाल दोर आणि एक हसरी बाई. काकांच्या गळ्यात पिळाच्या दोरीला लावलेलं कॅसिनोचं सोनेरी कार्ड होतं; तुम्ही किती खेळलात ते त्यावर मोजलं जातं आणि त्याचे पॉइंट्स मिळतात. मशिनमध्ये खुपसलेलं कार्ड तिथेच विसरून माणूस निघून जाऊ नये, म्हणून ती दोरी. काकांनी ते कार्ड बाईला दाखवलं आणि आमच्याकडे वळले.

"दोघांचं फुकट आहे."

"काका, आपण तिघं आहोत."

"हो ना," काका म्हणाले, "म्हणून म्हटलं, जावईबापू, तुमची रांग तिकडे."

आमच्यात जावयाला पहिलं ताट वाढतात, चांदीच्या वाटीत श्रीखंड देतात. इथे मी एका डायपरातल्या पोराच्या मागे उभा होतो आणि माझी बायको लाल दोराच्या पलीकडून हात हलवत होती. "येशील ना रे लवकर?" असं विचारून ती गेली. जणू उशीर करणं माझ्या हातात होतं!

रांगेत उभा राहून माणूस इतिहासाकडे वळतो. वेगसच्या स्ट्रिपवरचं, म्हणजे कॅसिनोंच्या त्या प्रसिद्ध रस्त्यावरचं, पहिलं रिसॉर्ट एल रांचो वेगस, 1941 चं. त्याच दशकात तिथे एका डॉलरात हवं तितकं खा, असा बुफे सुरू झाला. त्यात दानधर्म काही नव्हता. रात्रीचा शो संपला की गिऱ्हाईक उठून जाई, त्याला पोटाच्या आधाराने थांबवायचं, मग पोट भरलेला माणूस पुन्हा जुगाराच्या टेबलाशी बसतो. बुफेत तोटा होई तो जुगारातून वसूल व्हायचा. ही पद्धत मला मान्य आहे. त्यात एक सरळपणा होता. मग हिशेबनीस आले आणि त्यांनी ठरवलं की प्रत्येक खात्याने आपापला नफा दाखवावा. 2020 च्या टाळेबंदीत बुफे बंद झाले, त्यातले बरेच पुन्हा उघडलेच नाहीत. एरिया नावाच्या हॉटेलाचा बुफे गेला आणि तिथे फूड हॉल आला. जे उरले त्यांनी भाव चढवला. चांगल्या बुफेचं रात्रीचं जेवण आता ऐंशीच्या वर डॉलर, त्यावर 8.375 टक्के विक्रीकर, वर टिप. पूर्वी खाणं हे आमिष होतं. आता खाणं हाच जुगार आहे, आणि त्यात कोणी फुकट पेयही आणून देत नाही.

मोबाइल वाजला. काकांनी फोटो पाठवला होता, खेकड्याच्या पायांचा ढीग. खाली मजकूर: "गरम आहेत." थोड्या वेळाने दुसरा फोटो, प्राइम रिबचा. "कापणारा माणूस ओळखीचा. जाड तुकडा दिला." मग हिचा सेल्फी, हातात कोळंबी. मग पुन्हा काका: "रांग हलते का?" मी 'हो' लिहिलं. रांग हलत नव्हती.

आत गेलो तेव्हा दोघं गोडावर, क्रेम ब्रुलेवर होती. मी थाळी भरून टेबलाशी येतो तोच एक नम्र तरुण आला. टेबलाला दीड तास असतो, म्हणाला, आणि तो या दोघांपासून मोजलेला आहे. मी म्हटलं, मी आत्ता बसलो. तो म्हणाला, टेबल आधीच बसलं होतं. या वाक्याला काय उत्तर असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

"थाळीत पाव घेतलात?" काकांनी दुःखाने विचारलं. "आणि सूप! जावईबापू, सूप म्हणजे पाणी. पाण्याला कोणी नव्वद डॉलर देतं का? पहिल्या फेरीत खेकडा. दुसरीत मांस. पाव, भात, पास्ता ही सगळी हॉटेलची चाल असते."

"काका," मी खेकडा फोडत म्हटलं, "तुमचं हे फुकट नक्की कसं मिळतं?"

"खेळावं लागतं. पेनी स्लॉट. एक सेंटाचं मशिन."

एक सेंटाच्या मशिनचं बटण दाबलं की पन्नास-साठ सेंट सहज जातात, कारण एका डावात ओळी पुष्कळ असतात आणि प्रत्येक ओळीचा सेंट वेगळा, हे मला ठाऊक होतं. "गेल्या महिन्यात किती हरलात?"

"हरलो नाही. खेळलो."

"खेळलात किती?"

काकांनी आकडा सांगितला. हिच्या हातातला चमचा थांबला. त्या पैशांत आम्ही तिघं त्या बुफेत महिनाभर राहिलो असतो, पावासकट.

"अगं, पण यात धोका नाही," काका हिला समजावू लागले. "नेवाडाचा कायदाच आहे, मशिनने कमीत कमी 75 टक्के परत द्यायला हवेत. सरकारी नियम! 75 टक्के परतावा कोणती बँक देते सांग मला?"

मी खेकडा खाली ठेवला. काका बँकेत नोकरीला होते. कर्ज विभागात.

शंभर गेले की पंचाहत्तर परत, म्हणजे पंचवीस गेले, हे मी टिश्यूवर लिहून दाखवलं. काकांनी टिश्यूने तोंड पुसलं. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. कॅसिनो सरासरी डाव, किती वेळा खेळलात आणि घराचा, म्हणजे कॅसिनोचा, टक्का यांचा गुणाकार करून ठेवतं आणि त्या अपेक्षित कमाईतला छोटा हिस्सा जेवण म्हणून परत करतं. तुम्ही त्या दिवशी जिंकलात की हरलात, याने त्याला फारसा फरक पडत नाही. म्हणजे काकांचं जेवण काकांनीच आगाऊ भरलेलं असतं, फक्त पावती मिळत नाही, म्हणून ते गोड लागतं. माझी पावती माझ्या खिशात होती.

"काका किती प्रेमाने करतात रे," ही रात्री म्हणाली. मी रिसॉर्ट फीकडे बघत होतो. जलतरण तलाव आणि व्यायामशाळा वापरा न वापरा, खोलीच्या भाड्यावर रोज ती लागते. 2016 पर्यंत निदान गाडी तरी स्ट्रिपवर फुकट लावता यायची. गंमत म्हणजे जग जिला लास वेगस समजतं ती स्ट्रिप बहुतेक लास वेगस शहरात नाहीच, ती पॅराडाइज नावाच्या वस्तीत येते. स्वर्गात पार्किंगचे पैसे घेतात, ही माहिती आपल्या पुराणांत नाही.

दुसऱ्या रात्री स्टेकहाउस. मला गोल्डन स्टीअरला जायचं होतं, 1958 पासूनचं, गायक फ्रँक सिनात्राचं बसायचं ठिकाण अजून दाखवतात तिथे. काका म्हणाले, ते कुठल्याच कॅसिनोचं नाही, तिथे माझे पॉइंट्स चालत नाहीत. मग पुन्हा त्याच हॉटेलात. तिथे गेल्यावर कळलं की फुकटच्या कुपनावर बारीक अक्षरांत 'स्टेकहाउस वगळून' लिहिलंय.

"हरकत नाही," काका म्हणाले. "तुम्ही दोघं मनसोक्त खा. मला फक्त बटाटा."

स्टेकहाउसमध्ये रिबआय नावाचा स्टेक मागितला की रिबआयच येतो. पांढऱ्या बशीत एकटा. बटाटा वेगळा, पालक वेगळा, सॉस वेगळा, प्रत्येकाची किंमत वेगळी. काकांचा बटाटा 16 डॉलरचा होता. त्यांनी तो लोणी, साय, बेकन, पातीचा कांदा लावून अर्धा खाल्ला आणि उरलेला बांधून घेतला. माझा स्टेक चांगला होता, हे प्रामाणिकपणे लिहितो. मीडियम रेअर, कडेला करपलेली मीठ-मिऱ्याची खमंग साल, आत गुलाबी. चार घास मला काका दिसले नाहीत.

बिल आलं. मी कार्ड ठेवलं. काकांनी गळ्यातली पिळाची दोरी सोडवली आणि आपलं सोनेरी कार्ड माझ्या कार्डावर ठेवलं.

"हेही लावायला सांगा. पैसे तुमचेच जातील, पॉइंट्स इकडे येतील. वाया कशाला घालवायचे?"

माझ्या रिबआयने त्यांची बेरीज पूर्ण झाली. काका आता सोनेरीवरून प्लॅटिनमला गेलेत, तसा कार्डाचा फोटोही आलाय. ही म्हणते, निदान अभिनंदनाचा फोन तरी कर.