आधी अपडेट, मग मेथी

फोन आपल्या मालकीचा आहे, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. पुढचं सगळं सोपं जातं.

रात्री झोपताना फोन चार्जिंगला लावा, वायफाय चालू ठेवा. प्ले स्टोअरला अपडेट उरकायला एवढंच लागतं: चार्जिंग, वायफाय आणि तुमची झोप. सकाळी 'पैसे पाठवा'च्या जागी 'कर्ज घ्या' आलेलं दिसलं तर दचकू नका. काय बदललं ते स्टोअरमध्ये लिहिलेलं असतंच: 'त्रुटी दूर केल्या, कार्यक्षमता सुधारली.' गेल्या महिन्यातही हेच होतं. (इतक्या त्रुटी येतात कुठून, हे विचारायचं नाही.)

हे पटत नसेल तर माझ्यासारखं ऑटो-अपडेट बंद करा. शनिवारी संध्याकाळी, ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, दोन जुड्या मेथी आणि अर्धा किलो वांगी पिशवीत पडल्यावर मी क्यूआर स्कॅन करायला फोन काढला. अ‍ॅप म्हणालं, आधी अपडेट. बंद करायला फुलीसुद्धा नाही. नेटवर्कची एकच दांडी, गोल फिरणारं चक्र, पाठीत मागच्या बाईंच्या पिशवीतला नारळ. "दादा, तुमचं होईस्तोवर मेथी सुकंल," मावशी म्हणाल्या आणि माझ्या जुड्यांवर पाणी शिंपडलं.

आयफोनवाल्यांनी हसू नये. तिथे अ‍ॅपच्या कंपनीने ठरवलं तर ऑटो-अपडेट ७ दिवसांत हप्त्याहप्त्याने पोचतं: पहिल्या दिवशी १ टक्का लोकांना, मग २, ५, १०, २०, ५० आणि शेवटी सगळ्यांना. घराच्या सोडतीत जन्मात नाव न लागलेला माणूस या पहिल्या १ टक्क्यात बरोबर बसतो. गडबड दिसली की कंपनी वाटप थांबवते. ज्यांच्या पदरात पडलं, त्यांनी पवित्र मानून घ्यावं.

जुनी आवृत्ती परत मागू नका. स्टोअरमध्ये मागे जायची वाट नाही, आवृत्तीचा आकडा चढताच लागतो. म्हणून कंपनीला पस्तावा झाला तर ती जुनाच माल नवा, मोठा आकडा चिकटवून पाठवते. थोडक्यात, जुनं हवं असेल तरी अपडेटच करा.

फारच राग आला तर एक तारा द्या. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया ताजी आवृत्ती घेऊन पाहा,' असं नम्र उत्तर येईल. अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये तर नवी आवृत्ती आणताना ताऱ्यांची सरासरी पुसून नव्याने सुरू करायचीही सोय आहे. पुढचं अपडेट आलं की तुमचा तारा मावळला.