म्हणे मुलींचे लाड होतात

दोन दिवसात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. बर्गर-पिझ्झाच्या दुकानात मुलींचे नुसते लाड, एसीत काउंटरला उभं राहायचं, जड काम नाही, रात्रीची ड्युटी नाही आणि पगार मुलांएवढाच. मी ठाण्यात अशाच एका दुकानात दोन वर्षं काढलीयेत (नाव नको), म्हणून लिहितेय.

जड काम नाही? काउंटरच्या मागे साधं स्टूल नसतं हो, सलग आठ तास उभं राहायचं, बर्फाच्या बादल्या उचलायच्या, आणि कोणी सुट्टे घेताना मुद्दाम हात धरून ठेवला तरी हसूनच "थँक्यू सर". मॅनेजरला सांगितलं तर म्हणे कस्टमर आहे, सोड ना. आता कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही कामाची जागा सुरक्षित ठेवणं मालकाची जबाबदारी आहे, पण ते कोण वाचतंय.

रात्रीची ड्युटी नाही हा लाड तर सगळ्यात भारी. आमच्याकडे क्लोजिंगला, म्हणजे रात्री दुकान बंद करायच्या शिफ्टला, काय काय शिकायला मिळायचं बघा, कॅश टॅली, स्टॉक मोजणं, फ्रायरचं तेल गाळणं, उद्याची ऑर्डर टाकणं. क्लोजिंग येत नाही तो शिफ्ट मॅनेजर होत नाही. आणि मुलींना क्लोजिंग देतच नाहीत. कायदा तसं म्हणतो का? अजिबात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात (२०२५ पर्यंत १० किंवा जास्त कामगार असले की लागू व्हायचा) रात्री साडेनऊनंतर बाईच्या संमतीने काम देता येतं, फक्त सुरक्षा आणि घरापर्यंत गाडी द्यावी लागते. त्याच कलमात ट्रेनिंग आणि प्रमोशनमध्ये भेदभाव करायचा नाही असंही लिहिलंय. म्हणजे गाडीचा खर्च वाचवायचा आणि वर "तुमच्या काळजीपोटी" म्हणायचं.

मग तक्रार का नाही केली, हा ठरलेला प्रश्न. त्या २०१३ च्या छळाविरुद्धच्या कायद्याने १० माणसं असली की तक्रार ऐकायला दुकानाचीच अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत. आमच्याकडे समितीचा कागद लॉकरच्या मागे चिकटवलेला, त्यावरच्या मॅडम कधीच नोकरी सोडून गेलेल्या.

राहिला पगार. सारखाच होता, पहिल्या वर्षी. ज्या मुलाला मी बिलिंग शिकवलं, दुसऱ्या दिवाळीला रजेचा अर्ज त्याच्याकडेच द्यायला लागला, तोपर्यंत तो शिफ्ट मॅनेजर झाला होता.